पेटी उलटी कशी धावेल?

दारव्हा तालुक्यातील एका गावाहून अकरावी विज्ञान शाखेच्या विद्यार्थिनीचे पत्र आले आहे. दहावीपर्यंतचे तिचे शिक्षण मराठी शाळेत झाले. आता ती रोज एस.टी.ने तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाते आणि तेथे भौतिकशास्त्र इंग्रजीतून शिकवले जाते. पत्र मोठे आहे, म्हणून त्यातील आवश्यक तेवढाच भाग येथे देतो.

“आदरणीय सर, सादर प्रणाम. ‘एफ इज इक्वल टू एम ए’ मला पाठ आहे, पण गणित समोर आले की कोणते बल कोणत्या सूत्राने काढायचे तेच कळत नाही. परवाच्या चाचणीत असे गणित होते : २० किलोग्रॅमची पेटी सपाट फरशीवर स्थिर आहे, घर्षणांक ०.४ आहे, तिला ३० न्यूटन बलाने आडवे ओढले, तर घर्षण बल किती आणि त्वरण किती? मी घर्षण ७८.४ न्यूटन काढले, तीसमधून ते वजा केले आणि त्वरण उणे २.४२ आले. मला शून्य गुण मिळाले. सूत्र तर बरोबर होते, मग चुकले काय? दुसरी शंका अशी की, बैल बंडीला जेवढ्या बलाने ओढतात तेवढ्याच बलाने बंडी बैलांना मागे ओढत असेल, तर बंडी चालते कशी? बाबा म्हणतात, तूर विकली की यवतमाळला खोली करून शिकवणी लावून देतो. त्यांचे पैसे यात घालावेत, की मी सरळ कला शाखेत जावे?”

प्रिय मुली,

शाखा बदलण्याचा प्रश्न नंतर पाहू, आधी तुझ्या पेटीकडे वळू. तू काढलेले त्वरण उणे २.४२ आहे, म्हणजे पेटी ओढणाऱ्याच्या विरुद्ध दिशेला धावत सुटली, असे तुझ्या वहीत लिहिलेले आहे. असे उत्तर कोणाला मोठ्याने वाचून दाखवले असते, तर ऐकणारा हसला असता आणि तुलाही चूक तिथल्या तिथे दिसली असती. घरातील धान्याची कोठी हलत नाही म्हणून तू ती आपल्याकडे ओढायला जोर लावलास आणि ती उलट तुझ्यापासून दूर पळाली, असे आजवर कधी झालेले नाही. जोर कमी पडला तर ती फक्त जागची हलत नाही. म्हणून तुझ्या गणिताचे उत्तर असे आहे : घर्षण बल ३० न्यूटन आणि त्वरण शून्य.

घर्षण ३० न्यूटनच का, हे समजले की या प्रकरणातील निम्म्याहून अधिक गोंधळ मिटतो, त्यामुळे येथे जरा थांबू. पुस्तकात सगळी बले एका रांगेत, प्रत्येकाच्या समोर एकेक सूत्र मांडून दिलेली असतात, आणि त्यामुळे विद्यार्थ्याची समजूत होते की प्रत्येक बलाची किंमत सूत्रात आकडे घातले की बाहेर पडते. वस्तुतः बले दोन स्वभावांची असतात. काहींचा दर ठरलेला असतो. कापूस वेचणीची मजुरी जशी किलोमागे ठरते आणि किलो सांगितले की रक्कम निघते, तसे वस्तुमान सांगितले की वजन निघते आणि स्प्रिंग किती ताणली हे सांगितले की तिचे बल निघते. दुसऱ्या स्वभावाची बले मात्र गरजेपुरतीच असतात. घरी पाहुणे किती आले त्यावर भात किती शिजवायचा हे ठरते. सर्वांत मोठे पातेले केवढे आहे त्यावर ठरत नाही. पातेल्याचे माप एवढेच सांगते की याहून जास्त भात एका वेळी शिजणार नाही. स्थिर वस्तूवरील घर्षण या दुसऱ्या जातीचे आहे. घर्षणांक गुणिले अभिलंब बल (फरशीने पेटीला वर दिलेला रेटा, येथे पेटीच्या वजनाएवढा, २० गुणिले ९.८), म्हणजे ०.४ गुणिले १९६, अर्थात ७८.४ न्यूटन, हे पातेल्याचे माप झाले. पाहुणे तीसच आले होते, आणि तू पातेले भरून भात वाढलास.

ओढणारे बल ३० असेल तर घर्षण ३०, ५० असेल तर ५०, ७८ असेल तर ७८. ओढ ७८.४ च्या पुढे गेली की घर्षणाची मर्यादा संपते, पेटी सरकू लागते, आणि सरकत्या पेटीवरील घर्षण मात्र ठरल्या दराने चालते. तो दर बहुधा थोडा कमी असतो, म्हणूनच जड वस्तू हलवताना पहिल्या धक्क्याला सर्वांत अधिक जोर लागतो. पुस्तकात या दोहोंसाठी दोन वेगळे घर्षणांक दिलेले असतील, तर एक स्थितिक आणि दुसरा गतिक असतो. एकच दिला असेल तर दोन्हींसाठी तोच धरायचा असतो. म्हणून घर्षणाच्या गणितात पहिला प्रश्न सूत्राचा नसतो. आधी वस्तू सरकते की नाही हे तपासायचे, आणि त्याचे उत्तर मिळाल्यावरच सूत्राला हात लावायचा.

दुसरी गरजेपुरती बले म्हणजे अभिलंब बल आणि दोरीतील ताण. तुझ्या पत्रात तू एके ठिकाणी “नॉर्मल फोर्स म्हणजे नेहमीचे बल, ते एम जी इतके असते” असे लिहिले आहेस. हा दोष माध्यम बदलल्याचा आहे आणि तो तुझ्या एकटीचा नाही. इंग्रजीतील ‘नॉर्मल’ या शब्दाचा भूमितीतील अर्थ ‘लंब’ असा आहे. नेहमीचे किंवा साधारण हा अर्थ येथे लागूच होत नाही. आपल्या पाठ्यपुस्तकातील ‘अभिलंब’ हा शब्द इंग्रजी शब्दापेक्षा स्पष्ट आहे. तो मनात धर आणि उत्तरपत्रिकेत इंग्रजी लिही. पृष्ठभागाने वस्तूला पृष्ठभागाशी काटकोनात दिलेला रेटा, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि तो वजनाएवढाच असावा असा कोणताही नियम नाही. (‘टेन्शन’ या शब्दाचे तर आपण काय करून ठेवले आहे ते तू जाणतेसच, या प्रकरणात ते फक्त दोरीला येते.)

अभिलंब बल वजनाएवढे नसते याचा अनुभव तुझ्या घरी दर हंगामात येत असणार. सोयाबीनचे ५० किलोचे पोते अंगणातून सरकवायचे आहे. त्याचे वजन ५० गुणिले ९.८, म्हणजे ४९० न्यूटन. तू पोत्याला दोर बांधून जमिनीशी ३० अंशांचा कोन करून २०० न्यूटन बलाने ओढलेस, असे समजू. या बलाचा आडवा घटक १७३ न्यूटन आणि उभा घटक १०० न्यूटन आहे. उभा घटक पोत्याला थोडे उचलून धरतो, त्यामुळे जमिनीला ४९० ऐवजी ३९० न्यूटनच रेटा द्यावा लागतो. घर्षणांक ०.४ असेल तर घर्षणाची मर्यादा १५६ न्यूटन झाली. आडवी ओढ १७३ आहे, म्हणून पोते सरकते, आणि दोहोंतील १७ न्यूटनच्या फरकाला ५० ने भागले तर त्वरण ०.३४ मीटर प्रति सेकंद वर्ग येते.

आता तेच २०० न्यूटन बल त्याच ३० अंशांच्या कोनात, पण वरून खाली रेटून ढकलण्यासाठी लाव. आडवा घटक तोच १७३ आहे, परंतु उभा घटक आता पोत्याला जमिनीत दाबतो, अभिलंब बल ५९० होते आणि घर्षणाची मर्यादा २३६ न्यूटनवर जाते. पोते हलत नाही. आणि हलत नाही म्हणून घर्षण किती? २३६ असे लिहिलेस तर पुन्हा पातेले भरून भात वाढलास. उत्तर १७३ आहे. “ढकलू नोको पोरी, वढ,” असे तुझे वडील पोते सरकवताना म्हणाले असतील, तर त्यांनी कोनाचे हे सगळे गणित चार शब्दांत सांगितले असे समज.

घर्षणाबद्दल आणखी एक गोष्ट अनेकांना खटकते, ती अशी की सूत्रात क्षेत्रफळ कोठेच नाही. पोते आडवे असो वा उभे, घर्षण जवळजवळ सारखेच राहते. फ्रान्समधील गियोम आमोंताँ यांनी १६९९ मध्ये हा नियम मांडला, आणि अठराव्या शतकात कुलोम यांनी त्यावर अधिक तपशिलाने प्रयोग केले. विद्युत प्रभारांच्या नियमामुळे ज्यांचे नाव तू पुढे वाचशील तेच हे कुलोम. मात्र हा नियम कोरड्या पृष्ठभागांसाठी आहे. आपल्याकडील काळी माती पावसात भिजली की चिकटते, आणि मग बंडीच्या चाकाला किंवा डवऱ्याच्या पासेला लागणारा अडथळा या सूत्रात बसत नाही. पुस्तकात फरशी आणि टेबल का असते आणि वावर का नसते, त्याचे कारण हेच आहे.

ताणाचे उदाहरण विहिरीवरचे घेऊ. दीड किलोची लोखंडी बादली आहे आणि तिच्यात साडेतेरा लिटर पाणी मावते, म्हणजे भरलेली बादली १५ किलोची झाली. ती दोराने अधांतरी स्थिर धरली तर ताण १४७ न्यूटन. ती एकसमान वेगाने वर ओढली तरी ताण १४७ न्यूटनच, आणि येथे बहुतेक विद्यार्थी अडखळतात, कारण वर जाणाऱ्या वस्तूवर वरचे बल अधिक असलेच पाहिजे असे मन सांगते. वेग बदलत नसेल तर त्वरण शून्य, आणि त्वरण शून्य असेल तर निव्वळ बल शून्य. १४७ पेक्षा जास्त ताण केवळ हिसका देताना लागतो. वरच्या दिशेने ०.५ त्वरण दिले तर १५ गुणिले १०.३, म्हणजे १५४.५ न्यूटन. दोर जुना असेल तर तो हिसक्याच्या वेळी तुटतो, त्याचे कारण या साडेसात न्यूटनांत आणि जोराचा हिसका दिला तर त्याहून मोठ्या आकड्यात आहे.

पण बादली पाण्यात बुडलेली असताना काय होते, हे मला तुला मुद्दाम सांगायचे आहे, कारण हे तू शेकडो वेळा हाताने अनुभवले असशील आणि कदाचित एकदाही मोजले नसेल. भरलेली बादली पाण्याखाली असते तेव्हा दोर हाताला हलका लागतो, आणि बादली पाण्याबाहेर येऊ लागताच तो एकदम जड होतो. पाणी बुडालेल्या वस्तूला वर ढकलते आणि त्या बलाची किंमत वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाएवढी असते. हे आर्किमिडीजचे तत्त्व तू शिकली आहेस. बादलीतील साडेतेरा लिटर पाण्याने आपल्याएवढेच पाणी बाजूला सारले आहे, त्यामुळे त्याचे वजन आणि त्याला मिळणारे वरचे बल नेमके सारखे होते आणि तुझ्या हाताला त्या पाण्याचा काहीच भार लागत नाही. राहिली दीड किलोची बादली. तिचे वजन १४.७ न्यूटन. लोखंड पाण्याच्या साधारण ७.८ पट घन असल्यामुळे बादलीच्या पत्र्याने जेमतेम ०.१९ लिटर पाणी बाजूला सारले, म्हणजे वरचे बल १.९ न्यूटन. हाताला लागणारा भार सुमारे १२.८ न्यूटन. पाण्याखाली तेरा न्यूटनांहून कमी आणि पाण्याबाहेर १४७! येथे वजन कोठेही बदललेले नाही, पाण्याचे वर ढकलणारे बल, म्हणजे उत्प्लावक बल, नाहीसे झाले आहे.

हाच दोर कप्पीवरून घेतला तर बल कमी होईल का, असे कोणी विचारले तर उत्तर नाही असे आहे. आडव्या लाकडाला बांधलेली एकच कप्पी फक्त दिशा बदलते. खाली ओढताना आपल्या शरीराचा भार कामी येतो म्हणून सोपे वाटते. त्या लाकडाला मात्र दोन्ही बाजूंच्या दोरांचा ताण सोसावा लागतो, म्हणजे १४७ ची दुप्पट, २९४ न्यूटन, आणि हे लक्षात न घेता बारीक लाकूड टाकणारे लोक मी पाहिले आहेत.

आता बंडी. तुझी शंका उत्तम आहे आणि ती न्यूटन यांनी १६८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या तिसऱ्या नियमाविषयी आहे. बैल बंडीला पुढे ओढतात ते बल बंडीवर आहे, आणि बंडी बैलांना मागे ओढते ते बल बैलांवर आहे. एकाची उधारी दुसऱ्याच्या खात्यातून वजा करता येत नाही. बंडी चालेल की नाही हे पाहताना फक्त बंडीवरील बले मांडायची. माल भरलेली बंडी ६०० किलोची, रस्त्याचा अडथळा ३०० न्यूटन आणि हवे असलेले त्वरण ०.२ धरू. निव्वळ बल ६०० गुणिले ०.२, म्हणजे १२० न्यूटन हवे, म्हणून बैलांची ओढ ४२० न्यूटन पाहिजे. आता बंडी विसरून बैलजोडीकडे पाहा. जोडी ८०० किलोची असेल तर तिला त्याच त्वरणासाठी १६० न्यूटन निव्वळ बल हवे. बंडी तिला ४२० न्यूटनने मागे ओढत आहे. म्हणून पुढच्या दिशेने ५८० न्यूटन कोठून तरी यावे लागते, आणि ते जमिनीकडून येते : खूर जमिनीला मागे रेटतात आणि जमीन खुरांना पुढे रेटते. ते बल घर्षणाचेच आहे, आणि तेही गरजेपुरते. चिखलात पातेलेच लहान होते, खूर घसरतात आणि बैल कितीही दमदार असले तरी बंडी रुतून राहते. पडताळा हवा असेल तर बैल आणि बंडी एकत्र धर : १४०० गुणिले ०.२, म्हणजे २८०, आणि ५८० वजा ३०० हेही २८०.

या सर्व उदाहरणांत मी एकच रीत वापरली, ती तुझ्या लक्षात आली असेल. एक वस्तू निवडायची, तिची वेगळी आकृती काढायची आणि तिला काय काय स्पर्श करते ते पाहायचे. जमीन स्पर्श करते तर अभिलंब बल आणि बहुधा घर्षण, दोर स्पर्श करतो तर ताण, पाणी स्पर्श करते तर उत्प्लावक बल. स्पर्श न करता लागणारे बल तुझ्या या प्रकरणात एकच आहे, पृथ्वीचे. या यादीबाहेरचे एकही बल आकृतीत येता कामा नये. ‘पुढे जाण्याचे बल’ किंवा ‘गतीचे बल’ असे बाण अनेक विद्यार्थी काढतात आणि ते देणारी वस्तू कोणती असे विचारले की गप्प होतात. नंतर ठरल्या दराची बले सूत्राने लिहायची, गरजेपुरत्या बलांना अक्षरे द्यायची, आणि त्यांच्या किमती ‘निव्वळ बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण’ या समीकरणातून काढायच्या. तुझे पाठ असलेले सूत्र यासाठी आहे. ते बलाचा आणखी एक प्रकार सांगत नाही, सगळ्या बलांचा मिळून हिशेब सांगते.

उतरणीच्या गणितात साइन कोठे आणि कोसाइन कोठे हा प्रश्न राहतो. पाठ करू नकोस. ट्रॉलीला लावलेली फळी मनातल्या मनात आडवी कर : कोन शून्य झाला, पोते घसरण्याचा प्रश्न नाही, म्हणून घसरवणाऱ्या घटकाला शून्य होणारे साइन, आणि फळीवर पूर्ण वजन पडले म्हणून अभिलंब बलाला त्या वेळी एक होणारे कोसाइन.

एककांचा गोंधळ लहान आहे पण गुण खातो. धर्मकाट्यावर किंवा बाजार समितीत ज्याला आपण वजन म्हणतो ते किलोमध्ये सांगितलेले वस्तुमान असते. पुस्तकातील वजन हे बल आहे आणि ते न्यूटनमध्ये असते. शंभर-सव्वाशे ग्रॅमचे संत्रे तळहातावर ठेवलेस तर एक ते सव्वा न्यूटन म्हणजे केवढे हे हाताला कळेल. गुरुत्व त्वरण विषुववृत्तावर ९.७८ आणि ध्रुवांवर ९.८३ असते. विदर्भाच्या अक्षांशावर ते ९.७९ च्या आसपास येते, त्यामुळे ९.८ घेण्यात काही बिघडत नाही, आणि प्रश्नात १० घ्या असे म्हटले असेल तर १० च घ्यावे.

शिकवणीबद्दल माझे मत विचारलेस म्हणून सांगतो. तुझ्या पत्रातील दोन्ही शंका अशा आहेत की ज्याला विषय अजिबात कळत नाही त्याला त्या पडतच नाहीत. सूत्र बरोबर असूनही चुकले काय, असा प्रश्न तुला पडला, हे मला तुझ्या शून्य गुणांपेक्षा महत्त्वाचे वाटते. एवढ्यावरून शाखा सोडू नकोस, आणि या एका प्रकरणासाठी यवतमाळला खोलीही करू नकोस. दिवाळीपर्यंत थांब, वरील रीतीने पुस्तकातील गणिते सोडव, आणि वडिलांना तुरीच्या पैशांतून तूर्त एकच वस्तू आणायला सांग : हुकाचा साधा स्प्रिंगचा ताणकाटा, ज्याने सामान मोजतात तो. त्यातही भौतिकशास्त्र आहेच. स्प्रिंगचे बल तिच्या लांबीतील वाढीच्या प्रमाणात असते, असे रॉबर्ट हुक यांनी १६७८ मध्ये उघड केले. त्याआधी दोन वर्षे त्यांनी तो नियम अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात छापून ठेवला होता, म्हणजे दुसऱ्या कोणी दावा करू नये. १० किलो टांगल्यावर काट्याची स्प्रिंग ८ सेंटिमीटर ताणली, तर ९८ भागिले ०.०८, म्हणजे १२२५ न्यूटन प्रति मीटर हा तिचा स्थिरांक झाला.

काटा आला की १० किलो तूर एका पोत्यात भर, पोत्याला सुतळीने काटा अडकव आणि ओसरीवर अगदी सावकाश आडवे ओढ. पोते न हलता काटा एक किलो, दोन किलो असा चढत जाईल, आणि त्या प्रत्येक क्षणी घर्षण काट्यावर दिसते तेवढेच असेल. पोते सुटताना काट्याने दाखवलेला सर्वांत मोठा आकडा आणि नंतर ते एकसमान सरकत असतानाचा आकडा, दोन्ही लिहून घे आणि ९.८ ने गुण. मग तेच पोते उभे करून, आणि नंतर त्यावर आणखी ५ किलो ठेवून पुन्हा मोज. सगळे आकडे मला पुढच्या पत्रात कळव. ओसरी शेणाने सारवलेली आहे की फरशीची, तेही लिहिशील.